दागिना उजेडात ठेवताना

चांदीवर सोनाराचा हक्क हजारो वर्षांचा आहे. छायाचित्रकाराचा हक्क 1839 सालापासूनचा. त्या वर्षी पॅरिसमध्ये लुई दागेर याची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा थर चढवायचा, तो आरशासारखा होईपर्यंत घासायचा आणि मग आयोडिनच्या वाफेवर धरायचा. चांदीवर सिल्व्हर आयोडाइडचा पातळ पापुद्रा बसतो, त्यावर उजेडाचा परिणाम होतो. कॅमेऱ्यातून काढलेला हा पत्रा पाऱ्याच्या वाफेवर धरला की चित्र दिसू लागे. ते इतके नाजूक असे की बोट लागले तरी पुसले जाई. पुढच्याच वर्षी, 1840 मध्ये, हिप्पोलीत फिझो याने त्यावर सोन्याच्या क्षाराचे द्रावण ओतून खालून आच देण्याची युक्ती काढली. चित्र पक्के झाले आणि त्याला उठावही आला. पत्रा, मुलामा, पॉलिश, सोन्याचे पाणी. कॅमेरा बाजूला ठेवला तर ही सगळी सोनाराच्या पेढीमागची कामे आहेत.

पुढे पत्र्याची जागा काचेने घेतली, काचेची फिल्मने, पण चांदी सुटली नाही. फिल्मवरचा आणि कृष्णधवल फोटोच्या कागदावरचा काळा रंग म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण. आजी-आजोबांच्या फोटोंना जी तपकिरी छटा असते, ती पुष्कळदा मुद्दाम दिलेली असे. कागदावरच्या चांदीचा गंधकाशी संयोग घडवून सिल्व्हर सल्फाइड केले की फोटो जास्त टिकतो. पावसाळ्यात कपाटातले पैंजण काळे पडतात तेव्हा त्यांच्यावर हेच संयुग जमलेले असते. बाजारात ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून मिळणाऱ्या चांदीच्या दागिन्यांची काळी झाकही बहुधा गंधकानेच आणलेली असते. एकाच रसायनाने फोटोचे आयुष्य वाढते, पैंजण मळतात आणि झुमक्याला जुनेपणाची शोभा येते.

आज मोबाइलच्या कॅमेऱ्यात उजेड टिपण्याचे काम सिलिकॉनची चकती करते. तरीही दागिना आणि फोटो यांचे नाते तुटलेले नाही. दागिने घडवणाऱ्याने जोडीला एखादा छंद धरायचा असेल तर फोटोग्राफीसारखा छंद नाही, असे माझे ठाम मत आहे. विक्रीसाठी फोटो लागतात म्हणून हे म्हणतो आहे असे नाही. फोटो काढायला शिकताना दागिना प्रथमच नीट दिसू लागतो, म्हणून म्हणतो.

महाराष्ट्रात घरी बसून दागिने करणाऱ्या हातांची संख्या मोठी आहे. कोणी मोती ओवून तन्मणी आणि नथी करतात, कोणी ठुशी आणि बोरमाळ गाठवतात, कोणी टेराकोटाची, तांब्या-पितळेच्या तारेची, रेशमी दोऱ्याची कानातली करतात. काम सुबक असते. फोटो मात्र पलंगावरच्या चादरीवर, ट्यूबलाइटखाली, हात थरथरत काढलेला असतो. त्यात चांदी राखाडी दिसते, सोने पिवळट खडूसारखे, आणि मोत्यांच्या जागी पांढरे ठिपके. मग दोष मोबाइलला दिला जातो. मोबाइल बहुतेक वेळा निर्दोष असतो. अडचण धातूच्या स्वभावात आहे.

लाकूड, कापड, माती यांच्यावर उजेड पडला की तो सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून त्या वस्तू कुठूनही सारख्याच दिसतात. घासून चकचकीत केलेला धातू तसे करत नाही. किरण ज्या कोनाने येतो, तेवढ्याच कोनाने तो दुसऱ्या बाजूला परत फिरतो. चांदी तर डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उजेड परतवते. सोने निळा-जांभळा भाग गिळते आणि लाल-पिवळा परत देते, त्याचा पिवळेपणा तिथून येतो. म्हणजे पाटलीचा फोटो काढताना आपण खरे तर खोलीचाच फोटो काढत असतो. छताचा पंखा, ट्यूबची पांढरी रेघ, खिडकीचे गज, आपला काळा मोबाइल आणि तो धरणारी बोटे, हे सगळे त्या वळणावर उतरलेले असते. हे एकदा कळले की पुढची सगळी विद्या एका वाक्यात मावते: उजेड दागिन्यावर टाकू नका, दागिन्याच्या भोवताली जे आहे त्यावर टाका.

इथून घरगुती हस्तकला सुरू होते, आणि या छंदाचा मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. बुटांच्या खोक्यापेक्षा थोडे मोठे पुठ्ठ्याचे खोके घ्या. दोन्ही बाजू आणि वरचा भाग चौकट ठेवून कापून टाका, आणि त्या खिडक्यांवर बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. आत पांढरा कार्डशीट असा सरकवा की तो मागच्या भिंतीवरून खाली येताना घडी न पडता वळेल. घडी पडली की फोटोत आडवी रेघ येते, वळण राहिले की मागचे पांढरे अखंड दिसते. आता उजेड बाहेरून बटर पेपरवर पडू द्या. कागद स्वतः उजळतो, आणि दागिन्यात पंखा-खिडकीऐवजी फक्त हे मऊ पांढरे पडदे उतरतात. विकत मिळणाऱ्या ‘लाइट टेंट’मागे यापेक्षा वेगळे तत्त्व नाही. खर्च कागदाचा आणि खळीचा.

एवढ्यावर चांदीचा फोटो मात्र जमत नाही, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पांढऱ्या खोक्यात पांढऱ्या कागदावर ठेवलेले चांदीचे कडे विरघळून गेल्यासारखे दिसते. त्याला कडा उरत नाहीत, कारण त्यात फक्त पांढरेच उतरलेले असते. उपाय सोपा आहे. काळ्या कार्डशीटच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा आणि दागिन्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, फोटोच्या चौकटीच्या जरा बाहेर उभ्या करा. कड्याच्या गोलाईवर दोन बारीक गडद रेषा उमटतात आणि धातूला जाडी येते. पट्टी थोडी पुढेमागे सरकवली तरी आकार बदललेला दिसतो. पट्टी हळूहळू सरकवत कडे पाहणे हा प्रयोग प्रत्येकाने करावा. धातूच्या वळणाबद्दल त्यातून जेवढे कळते तेवढे वाचून कळत नाही.

खोक्यावर पडणारा उजेड खिडकीचा असला तर उत्तम. परदेशी पुस्तके उत्तरेची खिडकी निवडा म्हणून सांगतात, कारण त्यांच्याकडे तिच्यातून सहसा थेट ऊन येत नाही. आपल्याकडे हा नियम वर्षभर चालत नाही. मुंबई-पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तर उत्तरेच्या खिडकीत तिरपे ऊन हमखास येते. तेव्हा दिशेचा हट्ट सोडा. ऊन थेट येत असेल तर खिडकीला पांढरी सुती साडी किंवा धोतर लावा. आणि जून-जुलैतले ढगाळ दिवस वाया गेले असे समजू नका. आभाळभर पसरलेला ढग हा दागिन्यांच्या फोटोसाठी निसर्गाने दिलेला सर्वांत मोठा पडदा आहे. खोलीतला पिवळा बल्ब किंवा ट्यूब मात्र त्या वेळी बंद करा. खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा असे दोन रंग एकाच दागिन्यावर पडले की ते नंतर ॲपने वेगळे करणे फार अवघड जाते.

मोबाइल आपण होऊन दोन निर्णय घेतो आणि दोन्ही दागिन्यांच्या बाबतीत चुकतात. पहिला उजेडाच्या प्रमाणाचा. मोजमापाची मूळ पद्धत समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असे धरते. म्हणून पांढऱ्या कागदावरचा दागिना काढला की कॅमेरा उजेड कमी करतो आणि कागद मळकट होतो; काळ्या मखमलीवर काढला की उजेड वाढवतो, मखमल राखाडी होते आणि सोने जळाल्यासारखे पांढरे पडते. पडद्यावर दागिन्याच्या जागी बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे स्थिर होतो. मग बोट वर किंवा खाली सरकवून उजेड हाताने ठरवा. पांढऱ्यावर थोडा वाढवायचा, काळ्यावर थोडा कमी करायचा. दुसरा निर्णय रंगाचा. चौकटभर सोनेच दिसले की कॅमेऱ्याला वाटते उजेडच पिवळा आहे, आणि तो पिवळेपणा काढून टाकतो. म्हणून बावीस कॅरटची बोरमाळ फोटोत पितळी किंवा फिकी दिसते. शेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा दिसू द्या, त्याच्या आधाराने रंग जुळवा, आणि तुकडा नंतर कापून टाका.

आणखी एक सवय मोडायला हवी, फार जवळ जाण्याची. मोबाइलच्या मुख्य भिंगाची दृष्टी रुंद असते. ते नथीला टेकवल्यासारखे धरले की पुढचा मोती लिंबाएवढा आणि मागची तार दोऱ्याएवढी दिसते, शिवाय मोबाइलची सावलीही पडते. हातभर मागे या आणि दुप्पट झूमवर काढा. जवळून काढताना स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद असतो, त्यामुळे दागिना आणि मोबाइल एकमेकांना समांतर ठेवा. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा हादरा लागणार नाही. भिंग आधी पुसा. तेलकट बोटांचा ठसा हे धूसर फोटोंचे एक नेहमीचे कारण आहे.

मोती आणि हिरा यांना एकच उजेड चालत नाही. मोत्याचा थर ॲरागोनाइटच्या अतिसूक्ष्म चकत्या एकावर एक रचून झालेला असतो. एकेका चकतीची जाडी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे उजेडाच्या तरंगलांबीच्या घरातली. वेगवेगळ्या थरांवरून परतलेले किरण एकमेकांत मिसळून ती गुलाबी-हिरवट झाक निर्माण करतात. ही झाक दिसायची तर एका बाजूने येणारा मोठा, मऊ उजेड हवा. चोहोबाजूंनी सारखा उजेड दिला तर मोत्याचा गोलपणाच जातो. म्हणून मोत्याच्या दागिन्यासाठी खोक्याची एक बाजू पुठ्ठ्याने झाकून टाका. हिऱ्याचे उलट आहे. त्याचा अपवर्तनांक 2.42. आत शिरलेला किरण मागच्या पैलूंवर आपटून पुन्हा वर फेकला जातो आणि जाता जाता त्याचे रंग फुटतात. आपण ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतो तो क्युबिक झिर्कोनिया. त्याचा अपवर्तनांक हिऱ्यापेक्षा कमी, पण रंग फोडण्याची ताकद जास्त. या दोघांनाही बटर पेपरचा मऊ उजेड मारक ठरतो, खडा काचेच्या तुकड्यासारखा मृत दिसतो. मऊ उजेड धातूसाठी राहू द्या आणि एका छोट्या टॉर्चचा किरण लांबून खड्यावर सोडा. चमक जागी होते. जुन्या पद्धतीच्या जडावाच्या कामात खड्यामागे चमकदार वर्ख बसवत, तो मेणबत्तीच्या आणि समईच्या हलत्या उजेडासाठी होता. असा दागिना संध्याकाळी समईशेजारी ठेवून पाहा. कारागिराच्या मनात काय होते ते दिसते.

फोटोआधी चांदी उजळायची असेल तर घरचाच उपाय आहे. भांड्यात तळाला ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर दागिना टेकवून ठेवायचा, गरम पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालायचा. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जाते आणि चांदी जिथल्या तिथे राहते. घासून काढली तर धातू झिजतो, इथे झीज जवळजवळ नाही. मोती, पोवळे, चिकटवलेले खडे आणि मुद्दाम काळे केलेले काम मात्र यात कधीही बुडवू नका.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या सगळ्या खटपटीत दागिना घडवणाऱ्याच्या हाताला काय मिळते? फोटो मोठा करून पाहिला की कानशीचे ओरखडे दिसतात. झाळताना बाहेर आलेला ओघळ दिसतो. ठुशीचे मणी कुठे सैल बसले, फिरकीचा दांडा कुठे तिरका गेला, हे दिसते. हातात धरून पाहताना डोळा या गोष्टी माफ करतो, कारण त्याला दागिना कसा असायला हवा हे आधीच ठाऊक असते. कॅमेऱ्याला ते ठाऊक नसते. यापेक्षाही मोठा लाभ म्हणजे उजेडाचा विचार करून घडवण्याची सवय लागते. पत्र्याला किती पोट काढले म्हणजे त्यावर गडद रेघ येईल, कुठे चकाकी ठेवावी आणि कुठे ब्रशने मंद करावी, हे प्रश्न ऐरणीवरच पडू लागतात.

दागिने आणि फोटो एकाच हातात असल्याचे उदाहरण मोठ्या कलावंतातही सापडते. फ्रान्सचा रने लालिक (1860–1945) हा त्याच्या काळातला अत्यंत नामांकित जवाहिऱ्या. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या दागिन्यांनी लोकांना वेड लावले. हिरे-माणकांच्या वजनावर दागिन्याची किंमत ठरण्याच्या काळात त्याने शिंग, मीना आणि काच वापरून चतुर, फुले, पाने घडवली. तो छंद म्हणून फोटो काढत असे आणि त्याच्या कॅमेऱ्यासमोर झाडे-फुलेही असत. त्याच्या बऱ्याच मीनाकामात मागची धातूची पाठ काढून टाकलेली असते. उजेड रंगातून आरपार येतो, जसा तो पानातून किंवा चतुराच्या पंखातून येतो. पुढे तो दागिने सोडून पूर्णपणे काचेकडे वळला. छंदाने त्याला धंदा शिकवला असा दावा मी करणार नाही, पण उजेड आरपार जाऊ देण्याची ओढ त्याच्या फोटोत, दागिन्यात आणि काचेत एकच आहे. लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयाच्या संग्रहात त्याचे दागिने आहेत.

कॅमेरा मुळीच नको असेल तर उन्हाने चित्र काढता येते. 1842 मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने सायनोटाइप शोधले, आणि 1843 पासून ॲना ॲटकिन्स या बाईंनी त्या पद्धतीने समुद्री शेवाळांची निळी चित्रे छापून पुस्तकरूपात आणली. इथे चांदीऐवजी लोखंडाचे क्षार लागतात. शंभर मिलिलिटर पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या शंभर मिलिलिटरमध्ये 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. मंद उजेडात दोन्ही समप्रमाणात मिसळून जाड ड्रॉइंग पेपरवर ब्रशने लावा आणि अंधारात वाळवा. कागदावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक, त्यावर दागिना, आणि दुपारच्या उन्हात दहाएक मिनिटे. मग साध्या पाण्याने धुवा. उघडा भाग गडद निळा होतो, दागिन्याची आकृती पांढरी राहते. ठसठशीत पाटलीपेक्षा जाळीदार काम इथे फुलते. कटकची तारकसी, पैंजणाच्या साखळ्या, नथीचा आकडा, साजाची पाने. त्या निळ्या कागदावरून नवीन नक्षीचा आराखडा सहज गिरवता येतो. हातमोजे घाला, आणि दागिने घडवणाऱ्यांसाठी एक खास इशारा: धातू साफ करायचे आम्ल या रसायनांच्या जवळपासही आणू नका. तीव्र आम्लाशी फेरिसायनाइडचा संबंध आला तर विषारी वायू सुटू शकतो.

घरातल्या घरात कॅमेऱ्याशी अशी झटापट करण्याची मराठी परंपरा जुनी आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या काळातल्या फोटोग्राफरांपैकी एक. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, 1912 मध्ये, घरीच कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली होती. फाळके फोटोग्राफर होते, छपाईचे काम करत, शिल्पकला शिकले होते. वेगवेगळ्या कला एकाच माणसाच्या हातात असणे त्यांच्या पिढीला विचित्र वाटत नव्हते.

शेवटी एक काम सांगतो, आणि ते घडवणाऱ्यांइतकेच दागिने अंगावर घालणाऱ्यांसाठीही आहे. आपल्याकडे जुने सोने मोडून नवे करण्याची रीत आहे. मोडीत गेलेल्या दागिन्याचे सोने परत मिळते, त्यातले हात परत मिळत नाहीत. वजरटीक, चिंचपेटी, पोहेहार, बुगड्या यांचे कितीतरी स्थानिक नमुने अशाच रीतीने मुशीत गेले. दागिना मोडू नका असे मी म्हणत नाही, प्रत्येक घराची गरज वेगळी असते. पण नेण्याआधी त्याचा फोटो घ्या. समोरून एक, आणि पाठीमागून नक्की एक, कारण झाळ, तारेचे वळण, दोरा गाठवण्याची पद्धत आणि शिक्का हे सगळे पाठीवरच असते. शेजारी फूटपट्टी ठेवा. फिरकी किंवा आकडा जवळून घ्या. एक फोटो अंगावर घातलेला, म्हणजे तो कसा लोंबत होता ते कळेल. वजन, घडवल्याचा अंदाजे काळ, गाव, आणि माहीत असेल तर कारागिराचे नाव त्या फोटोसोबत लिहून ठेवा, आणि त्याची एक प्रत कागदावर छापून घ्या. पुढे कोणाला ती चिंचपेटी पुन्हा घडवायची झाली तर एवढ्यावरून ती घडवता येईल.